गोठोस्करबाईंचं बोट

आमच्या घरात काहीही बंद पडलं की त्या वस्तूला हात लावण्याआधी माणसांची चौकशी सुरू होते. "शेवटचं नीट कधी चाललं होतं?" हा पहिला प्रश्न. मग मिक्सर असो, मुलीचा मोबाइल असो, नाहीतर माझा डावा गुडघा. मुलं म्हणतात, झाली बाबांची कॅसेट सुरू. भाचरांना मात्र वाटतं की मामा मोठा पद्धतशीर माणूस. ते लांब राहतात म्हणून त्यांचा हा समज टिकून आहे. टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की मी आधी तो मांडीवर आपटतो, मग सेल काढून पुसतो, मग परत आपटतो, आणि शेवटी बायको सांगते की टीव्हीचं बटणच बंद आहे.

तो प्रश्न माझा नाही. तो गोठोस्करबाईंचा. उसना आणला आणि परत करायचा राहून गेला.

नव्वदीच्या सुरुवातीला मी उल्हासनगरात, कॅम्प चारमध्ये, होतू शेठच्या छापखान्यात कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायचं काम करत होतो. डीटीपी ऑपरेटर. हा शब्द मी लग्नाच्या बाजारात इतक्या ऐटीत उच्चारायचो की एका मुलीच्या वडिलांनी ऑपरेशन थिएटरबद्दल चौकशी केली होती. छापखान्यात लग्नपत्रिका, जीन्सची लेबलं, पापडाच्या पिशव्या असं सगळं छापलं जायचं. पुढे शेठचं टेबल, मागे मशीन, आणि मधल्या काचेच्या खोलीत एकुलता एक कॉम्प्युटर. त्या खोलीत चपला काढून जायचं, असा शेठचा नियम होता. रोज सकाळी तो कॉम्प्युटरला उदबत्तीही ओवाळायचा.

एक दिवस त्याने पन्नाशीकडे झुकलेल्या एका बाईंना आत आणलं आणि म्हणाला, "ये गोठोस्करबाई. टेलिफोनमध्ये होती. आता आपल्याकडे बसणार. तू शिकव."

बाई बुटक्या, काटक. सुती पातळ, मनगटावर पुरुषी घड्याळ आणि खांद्याला लावलेल्या पिशवीत निळ्या पुठ्ठ्याची वही. वीस-बावीस वर्षं त्यांनी अंबरनाथच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बोर्डावर काढली होती. कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत, हातात दोऱ्या. याची लाइन त्याला जोडायची, त्याची याला. मग नवीन यंत्रं आली, दोऱ्या गेल्या, आणि बाईंनी घरी बसण्यापेक्षा टायपिंगच्या जोरावर हे काम धरलं. बदलापूरला, कात्रपला, एका दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्या एकट्या राहायच्या.

मी त्यांना तीन दिवस शिकवलं. चौथ्या दिवसापासून त्या मला शिकवायला लागल्या. मला ते आठव्या दिवशी कळलं.

बाईंची खासियत म्हणजे त्यांना यंत्राची भीती नव्हती आणि भक्तीही नव्हती. यंत्र त्यांच्या लेखी एक माणूस होतं, काहीतरी सांगू पाहणारं, पण शब्द न सापडणारं. एक्स्चेंजमधली एक गोष्ट त्या सांगायच्या. एका डॉक्टरांच्या दवाखान्याची लाइन रोज सव्वाअकराला खरखरायला लागायची आणि एकच्या सुमाराला आपोआप बरी व्हायची. लाइनमन तीनदा खांबावर चढून आला. बाईंनी डॉक्टरांना फोन लावून विचारलं की सव्वाअकराला तुमच्याकडे काय बदलतं? डॉक्टर म्हणाले, काही नाही, पेशंटच पेशंट. बाईंनी कंपाउंडरला फोनवर बोलावलं. तेव्हा निघालं की रोज सव्वाअकराला तो डॉक्टरांचा हात पुसायचा टॉवेल धुऊन खिळ्यावर वाळत टाकायचा. त्याच खिळ्यावरून टेलिफोनची वायर गेली होती.

"लाइनमन खांबावर शोधत होता," बाई म्हणायच्या. "कारण खांबावर चढणं हे त्याचं काम. मी टॉवेलवर गेले, कारण मला चढता येत नव्हतं."

त्यांचा दुसरा नियम होता, एका वेळी एकच. काहीही सुधारायचं तर एकच गोष्ट बदलायची, बघायचं, वहीत लिहायचं, मग पुढची. मी उत्साहाने दोन गोष्टी एकदम करायला गेलो की बाई काही बोलायच्या नाहीत. नुसतं उजव्या हाताचं पहिलं बोट वर करायच्या. ते बोट छताकडे ताठ उभं राहायचं आणि माझे हात कीबोर्डवरून आपोआप मांडीवर यायचे. वर्गात कान पिरगाळणारे मास्तर मी पाहिलेत, पण इतक्या कमी खर्चात इतकी शिस्त लावणारं कोणी पाहिलं नाही.

एकदा शेठने समोरच्या टपरीवाल्याला चहा बेचव असल्याबद्दल झापलं. दुसऱ्या दिवशी चहा फर्मास. टपरीवाला अभिमानाने म्हणाला, पावडर बदलली आणि दूधवालाही बदलला. सगळे खूश. बाईंनी एक घोट घेतला, कप खाली ठेवला आणि बोट वर केलं. "आता तो दूधवाला उगाच बदनाम झाला की नाही, हे कसं कळायचं?"

आता त्या आठवड्याकडे येतो, ज्यासाठी मी हे सगळं लिहितोय. आणि इथे माझ्या मूर्खपणाचं सविस्तर वर्णन करणं आलं. घरी सांगताना मी ते थोडक्यात आटपतो.

बारवी धरणाच्या वरच्या अंगाला एका वाडीत भोईर गुरुजी शिक्षक होते. एका शिक्षकाची शाळा, ठाकरांची आणि कातकऱ्यांची मुलं. गुरुजींचं म्हणणं होतं की पहिलीच्या पुस्तकातले अर्धे शब्द या मुलांनी कधी ऐकलेलेच नसतात. म्हणून त्यांनी मुलांच्या घरच्या शब्दांचं वाचनाचं पुस्तक तयार केलं. चौसष्ट पानं. चित्रंही मुलांनीच काढलेली. आठ महिने दर शनिवारी ते वाडीतून चालत, मग एसटीने, मग आणखी कशाने तरी आमच्याकडे यायचे. काचेच्या खोलीबाहेर चपला काढून, टोपी हातात घेऊन पडद्याकडे बघत बसायचे. "खेकडा म्हन्लं का पोरा माझ्या तोंडाकडं बगतान," ते म्हणायचे. "चिंबोरी म्हन्लं का वर्ग हसतंय. हसला का वाचतंय."

एप्रिलअखेर गुरुजींची बदली आली. लांब, जव्हारकडे. सोमवारी तिकडे हजर व्हायचं होतं. त्याआधीच्या रविवारी वाडीत सगळ्या मुलांच्या हातात पुस्तक द्यायचं, एवढंच त्यांच्या मनात होतं. नवा शिक्षक कधी येईल, आला तर त्याला या पुस्तकाशी काय घेणं, कोणाला ठाऊक. शनिवारी छापून द्यायचं ठरलं. मजकूर तयार होता, चित्रं बसली होती, फक्त छपाईसाठी शेवटचे कागद काढायचे बाकी होते.

मंगळवारी सकाळी मी कॉम्प्युटर लावला. पानं जुळवायचा प्रोग्रॅम उघडला. त्याचं बोधचिन्ह आलं, तीन सेकंद थांबलं, आणि पडद्यावर एका छोट्याशा काळ्या बॉम्बचं चित्र आलं. म्हणजे संपलं, कॉम्प्युटर परत लावा. परत लावला. परत बॉम्ब.

गोठोस्करबाई तेव्हा भाच्याच्या मुंजीला कणकवलीला गेलेल्या होत्या. त्यामुळे मला मोकळं रान मिळालं. मी त्या दिवसात काय काय केलं? प्रोग्रॅम पुसून परत टाकला. तीनदा. टंकांच्या, म्हणजे फॉन्टच्या, फायली काढून घातल्या. वायरी काढून फुंकर मारली. स्क्रीनचा उजेड कमी केला, का ते आजही सांगता येणार नाही. शेठने उदबत्ती बदलली.

बुधवारी मुंबईहून टाय लावलेला इंजिनियर आला. त्यानेही प्रोग्रॅम चौथ्यांदा टाकला, बॉम्ब बघितला, आणि डिस्क खराब असल्याचा निकाल दिला. सगळं पुसून नव्याने मांडायचं, म्हणजे फॉरमॅट. त्याची सामग्री घेऊन तो शुक्रवारी सकाळी येणार होता.

मग पुस्तकाचं काय? कॉम्प्युटर चालू होत होता, तर फाइल फ्लॉपीवर काढून घ्यायची, एवढंच. इथे माझी हुशारी आडवी आली. बाईंनी मला सुरुवातीलाच सांगितलं होतं की एकेका भागाची वेगळी फाइल कर. मी सगळी चौसष्ट पानं, मुलांच्या शंभरेक चित्रांसकट, एकाच फाइलीत बसवली होती. दिसायला कसं एकसंध. ती फाइल इतकी अवाढव्य झाली होती की एका फ्लॉपीत मावेना, आणि तिचे तुकडे करायचे तर तो प्रोग्रॅम उघडायला हवा. तो तर उघडतच नव्हता.

आणि मूळ हस्तलिखित? दिवाळीच्या साफसफाईत मी टेबल आवरलं होतं. "आता सगळं कॉम्प्युटरमध्ये आहे" असं म्हणत गुरुजींचे कागद स्वतःच्या हाताने रद्दीत घातले होते. बॉम्ब आल्यापासून दाण्याची पुडी घेतली की मी आधी कागद वाचत होतो.

गुरुवारी दुपारी बाई मुंजीचे लाडू घेऊन आल्या. नेमके त्याच वेळी भोईर गुरुजीही आले होते, बदलीच्या कागदासाठी कल्याणला जाताना वाटेत डोकावायला. मी त्यांच्यासमोर सगळं सांगितलं, रद्दीसकट. गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली आणि तिच्या काठावरून बोट फिरवत राहिले. "पोरांना सांगलंय मी, आयतवारी येतंय बुक," एवढंच म्हणाले.

बाईंनी लाडवांचा डबा ठेवला. कॉम्प्युटरकडे बघितलंही नाही. माझ्यासमोर बसल्या आणि वही उघडली.

"शेवटचा नीट कधी चालला होता?"

सोमवारी संध्याकाळी. मी काम संपवून प्रोग्रॅम बंद करत होतो.

"झाला का बंद?"

तेव्हाच वीज गेली. उल्हासनगरात वीज जाणं ही इतकी रोजची गोष्ट होती की सांगण्यासारखं काही झालंय असं मला वाटलंच नव्हतं. बाईंनी ते वहीत लिहिलं आणि खाली रेघ मारली. मग मी केलेले सगळे उपाय एकेक करून लिहून घेतले. मी फुंकर गाळली होती, तीही त्यांनी काढून घेतली.

मग त्यांनी कॉम्प्युटर लावला. पत्रं लिहायचा साधा प्रोग्रॅम उघडला. चालला. चित्रांचा उघडला. तोही चालला. "डिस्क खराब असती तर यांनी काय पुण्य केलंय म्हणून ते चालतायत?" मग जुळवणीचा उघडला. बॉम्ब.

बाई खुर्चीत मागे रेलल्या. "नवा माणूस चारदा आणून बसवलात. चारही वेळा तो त्याच पायरीवर अडखळला. नव्या माणसाला जुन्याची खोड कोण सांगतंय?"

कॉम्प्युटरच्या पोटात एक कप्पा, म्हणजे फोल्डर, होता. त्यात चाळीसेक बारक्या बारक्या फायली होत्या, ज्यांना मी कधी हात लावला नव्हता. प्रोग्रॅम पुसला तरी त्या तिथेच राहतात, हे मला माहीत नव्हतं. इंजिनियरने बघितलं नव्हतं. आणि बाईंना, त्यांनीच नंतर कबूल केलं, तोवर ठाऊक नव्हतं. त्यांनी फक्त असं धरलं की चारदा बदलून जे बदललं नाही, ते कुठेतरी असणारच.

"बोर्डावर आवाज घुमायला लागला ना, की आम्ही अर्ध्या दोऱ्या काढायचो," त्या म्हणाल्या. त्यांनी वीस फायली उचलून बाजूला नव्या कप्प्यात ठेवल्या. कॉम्प्युटर परत लावला. तो लागायला चार मिनिटं घ्यायचा. शेठही दारात येऊन उभा राहिला. बोधचिन्ह आलं. बॉम्ब.

शेठ म्हणाला, "बाईजी, छोडो ना. इंजिनियर बोला है फॉरमॅट. पुस्तक गुरुजी बोलेंगे, ये फिरसे टाइप करेगा. पगार मी देतो."

बाईंनी बोट वर केलं. शेठ दाराच्या चौकटीला टेकला.

पहिल्या वीस परत जागेवर, दुसऱ्या वीस बाहेर. चार मिनिटं. बोधचिन्ह आलं, थांबलं, आणि पडद्यावर प्रोग्रॅमची कोरी खिडकी उघडली. मी ओरडणार होतो. गुरुजी अर्धे उठले होते. बाईंनी आम्हा दोघांना खाली बसवलं, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि त्या वीसपैकी दहा परत आत टाकल्या. खिडकी उघडलीय तर उघडी राहू द्या, काम उरकून घेऊ, असं मी म्हटलं. "म्हणजे उद्या परत बंद पडेल तेव्हा मी कणकवलीला असेन," बाई म्हणाल्या.

दहा, मग पाच, मग तीन, मग एक. प्रत्येक वेळी चार मिनिटं. प्रत्येक वेळी वहीत ओळ. मला वाटत होतं, एवढा धीर माणसाला देवळात नसतो. शेवटी एकच फाइल उरली. इतकी लहान, की तिच्यात गुरुजींच्या एका ओळीहून जास्त मावलं नसतं. तिच्या नावावरून कळलं की ही त्या प्रोग्रॅमच्या सवयींची फाइल. मोजायचं इंचात की सेंटिमीटरमध्ये, अक्षर कुठलं आधी दाखवायचं, काल खिडकी कुठे ठेवली होती. प्रोग्रॅम बंद होताना दरवेळी ती नव्याने लिहून ठेवायचा. सोमवारी तो लिहीत असताना वीज गेली आणि वाक्य अर्ध्यावर तुटलं. रोज सकाळी उठून तो ते अर्धं वाक्य वाचायचा आणि पडायचा. बाकी सगळं धडधाकट होतं.

ती फाइल बाहेर ठेवून प्रोग्रॅम उघडला. तो सेंटिमीटर विसरला होता, आमचा टंक विसरला होता, सगळं इंचात आणि इंग्रजीत दाखवत होता. बाई म्हणाल्या, "विसराळू झालाय. गेला नाहीये." आणि त्यांनी पुस्तकाची फाइल उघडली. पहिलंच पान आलं. वेड्यावाकड्या आठ पायांची चिंबोरी, आणि खाली मोठ्या अक्षरात तिचं नाव. गुरुजींनी पडद्याच्या काचेवर हात टेकला. ठसा उमटला. शेठ नवी उदबत्ती लावायला पळाला.

पुढचा तासभर बाईंनी माझ्याकडून त्या पुस्तकाचे आठ भाग करून घेतले, आठ फायली, आठ फ्लॉप्या. प्रत्येकीवर त्यांनी स्वतः नाव लिहिलं. मला वाटलं, संपलं. मी लाडू उचलला.

"आता ती फाइल परत आत टाक," बाई म्हणाल्या.

मला वाटलं, प्रवासाने दमल्या असतील.

"परत पाडून दाखव. पडला नाही तर ती दोषी नव्हती, आपण नशिबाने सुटलो. दूधवाल्यासारखं व्हायला नको."

शेठने डोळ्यांवर हात घेतला. मी लाडू खाली ठेवला आणि ती फाइल आत टाकली. चार मिनिटं. बोधचिन्ह. बॉम्ब. बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसलं, ते खिडकी उघडली तेव्हाही दिसलं नव्हतं. फाइल बाहेर काढली, प्रोग्रॅम उघडला. "आता खरं," त्या म्हणाल्या आणि वही मिटली. मी आयुष्यात बऱ्याच लोकांना यशस्वी होताना पाहिलंय. यश हातात आल्यावर ते एकदा मोडून तपासणारी व्यक्ती मी एवढी एकच पाहिली.

ती फाइल त्यांनी पुसली नाही. एका वेगळ्या फ्लॉपीवर काढून घेतली आणि पिशवीत टाकली. शुक्रवारी इंजिनियर आला, चहा प्यायला आणि गेला. बाईंनी त्याला दोन लाडू दिले. शनिवारी गुरुजी पुस्तकांचे गठ्ठे घेऊन एसटीत चढले.

पाच-सहा वर्षांनी मी ती नोकरी सोडली. शेठनेही मग पाच कॉम्प्युटर घेतले आणि उदबत्ती परवडेनाशी झाली. लग्नानंतर एकदा बायकोला घेऊन बाईंना भेटायला कात्रपला गेलो. पहिला मजला, पुढे लहानशी गॅलरी. बाई वाळल्या होत्या, आणि आम्ही बोलायला लागलो की मान थोडी तिरकी करायच्या. मी विचारण्याआधीच त्यांनी सांगितलं. ऐकू कमी यायला लागलं, तेव्हा त्यांनी डॉक्टरकडे जाण्याआधी टेलिफोन उचलला. आधी एका कानाला लावून त्याची घरघर ऐकली, मग दुसऱ्या. "डावा गेलाय, उजवा चालू आहे. डॉक्टरने अडीच तासांनी तेच सांगितलं."

तेवढ्यात टेलिफोन वाजला. बाईंनी रिसीव्हर उजव्या कानाला लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. भोईर गुरुजी होते, जव्हारहून. त्यांच्या जुन्या वाडीवरच्या नव्या शिक्षकाने निरोप पाठवला होता की पुस्तकं वाचून वाचून फाटली, शिवूनही धड राहत नाहीत, परत छापता येतील का? होतू शेठकडे चौकशी केली तर जुना कॉम्प्युटर भंगारात गेला होता. गुरुजी बिचकत विचारत होते की आता ती फाइल मिळायची तर नाहीच ना.

"आहे," बाई म्हणाल्या. "आठ आहेत."

त्यांनी कपाटातून स्टीलचा डबा काढला. त्यात आठ फ्लॉप्या होत्या. दर दिवाळीला बाई त्या नव्या फ्लॉप्यांवर उतरवून ठेवायच्या, वर तारखा लिहिलेल्या. खाली नववी एकटी, वेगळ्या रबरात बांधलेली. तिच्यावर बाईंच्या अक्षरात लिहिलं होतं: दोषी. फेकू नये. आठ फ्लॉप्या त्यांनी माझ्या हातात दिल्या, कुठल्या छापखान्यात जायचं ते सांगितलं, आणि नववी परत डब्यात ठेवली.

आम्ही खाली रस्त्यावर आलो. बाई गॅलरीत येऊन उभ्या होत्या. मी हात हलवून ओरडलो, छापून झालं की पहिली प्रत तुम्हाला आणतो. त्याच वेळी शेजारून बायकोही ओरडली, पुढच्या वेळी आमच्याकडे जेवायला या. बाईंनी मान तिरकी केली, उजवा कान आमच्याकडे आणला, आणि शांतपणे बोट वर केलं.

आम्ही दोघं गप्प झालो. मग आधी मी सांगितलं. बाईंनी मान डोलावली. मग बायकोने सांगितलं. बाईंनी परत मान डोलावली, आणि आत गेल्या.